५० एमएम एफ/१.८ : आखाजी ते सारंगखेडा, आठ महिन्यांचा वापर

आखाजीच्या (आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया) आठवडाभर आधी ही लेन्स घेतली. सासुरवाशिणी माहेरी येतात, घर भरलेलं असतं, चेहरेच चेहरे. आणि कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सवर प्रत्येक चेहऱ्यामागे दोरीवरचे कपडेही तितकेच ठळक! कॅमेरा १.६ क्रॉपचा, म्हणजे सेन्सर फुल फ्रेमपेक्षा लहान, त्यामुळे ही लेन्स ८० एमएमसारखी वागते, फ्रेममध्ये कमी मावतं. पोर्ट्रेटला उत्तम, पण आमच्या खोलीत अर्धा माणूस फ्रेममध्ये घ्यायचा तर माझी पाठ कपाटाला टेकते.

पहिले काही दिवस एफ/१.८, म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, सोडलंच नाही (आकडा वाढला की तोंड लहान होतं). आजी ओट्यावर जराशी तिरकी बसली होती, दीड मीटरवरून फोटो काढला. कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर झकास. लॅपटॉपवर उघडला तर नथीचा मोती लख्ख, जवळचा डोळा कसाबसा, पलीकडचा पार धुरकट. आजीने चष्मा लावून बघितलं नि म्हणाली, "काय रे भाऊ, मन्हा एक डोया कोठे गया?"

त्या अंतरावर एफ/१.८ला साधारण सहा सेंटीमीटरच शार्प येतं, आणि माझा फोकस बसला होता नथीवर. एफ/४ला तेच चौदा सेंटीमीटर होतं. मग मागचं धूसर कसं करायचं? माणसालाच भिंतीपासून दहा-बारा फूट पुढे आणायचं. हे कळायला मला दोन महिने लागले, लाज वाटते सांगायला. दिवाळीत आजीला अंगणाच्या मधोमध बसवून एफ/४ला फोटो काढला, फोकस जवळच्या डोळ्यावर. दोन्ही डोळे आले. आता तिची तक्रार अशी की मागचं रंगवलेलं तुळशीवृंदावन दिसत नाही.

उन्हाचं वेगळं सांगतो, कारण जळगावच्या मे महिन्यात ही लेन्स पूर्ण उघडून वापरताच येत नाही. टळटळीत ऊन, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, एफ/१.८ म्हटलं की शटर १/८००० सेकंद लागतं. माझा कॅमेरा १/४०००ला थांबतो, त्यामुळे कपाळ पांढरंफट्ट. एफ/२.८ केलं की १/३२००वर भागतं. एनडी ८ फिल्टर (लेन्सपुढची गडद काच) लावला तर उजेड तीन स्टॉप, म्हणजे एक अष्टमांशावर, येतो, पण मला लिंबाची सावली जास्त आवडते. फक्त मागे ऊन असेल तर कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर फसतो आणि चेहरा काळवंडतो. तिथे स्पॉट मीटरिंग, म्हणजे फक्त चेहऱ्यावरचा उजेड मोजायचा.

नंदुरबार जिल्ह्यातल्या सारंगखेड्याच्या घोडेबाजारात उलटं झालं. पांढरा फेटा, रापलेला चेहरा, मागे फ्रेमभर काळा घोडा. मीटरने घोड्याला उजळवायला घेतलं आणि फेट्याचे पेचच गायब. एक्सपोजर कॉम्पेन्सेशन उणे १ करून फोटो मुद्दाम गडद काढला, चेहरा नंतर रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या) फाइलमध्ये उचलला, म्हणजे उजळला. सावली उचलता येते, उडालेला पांढरा परत येत नाही.

रावेरकडे केळीच्या बागेत शूट करणार असाल तर आत शिरू नका. पानांतून गाळून आलेला उजेड गालाच्या एकाच बाजूला हिरवा करतो आणि व्हाइट बॅलन्स (रंगछटेची सेटिंग) बदलला की दुसरी बाजू जांभळट होते. बांधावर उभं करा, बाग मागे राहू द्या.

तक्रारी आहेतच. एफ/१.८ला उन्हात चमकणाऱ्या दागिन्यांच्या कडांना जांभळी किनार येते, एफ/२.८ला जवळपास जाते. कानबाईच्या (खानदेशातला श्रावणातला देवीचा उत्सव) रात्री, दिव्यांच्या उजेडात ऑटोफोकस मागेपुढे चाचपडत राहतो. तरी आयएसओ फार न चढवता फोटो मिळाले ते एफ/१.८मुळेच. बॉडी प्लास्टिकची, फोकस रिंग ढिली. हूड (आडवं ऊन अडवणारी लेन्सपुढची टोपी) बॉक्समध्ये आला नाही, वेगळे पैसे मोजले. आणि लग्नात दोन रांगांचा ग्रुप एफ/१.८ला काढू नका. मी काढला, मागच्या रांगेत नवरदेवाचे मामा होते, अजून फोन उचलत नाहीत.