स्टॉप-मोशन की थ्रीडी? मुंबईत राहून ठरवताना

बाहुल्या हलवायची आवड असलेली मुलं मला विचारतात, की स्टॉप-मोशन (खरी बाहुली जराजरा हलवत एकेक फोटो काढून केलेलं ॲनिमेशन) शिकू की कॉम्प्युटरवरचं थ्रीडी ॲनिमेशन, तेव्हा मी आधी घराचं क्षेत्रफळ विचारतो.

थ्रीडीला टेबल आणि दणकट कॉम्प्युटर पुरतो. स्टॉप-मोशनला महिनाभर कुणी झाडणार नाही अशी खोली लागते. वन-रूम-किचनमध्ये सेट मांडलात की कुणीतरी कपडे वाळत घालायला येणार आणि ट्रायपॉडला धक्का लागणार. ऊन सरकलं की चित्र लुकलुकतं, म्हणून खिडकीला काळा कागद. वारा नको, म्हणून पंखा बंद. मे महिन्यात दिव्यांखाली प्लॅस्टिसिन (बाहुल्यांची न सुकणारी माती) लोण्यासारखं होतं. गणपतीच्या कारखान्यात वाढलेल्यांना शाडू वापरावीशी वाटते, पण ती सुकून तडकते. तेल-मेणाचीच माती हवी, आत ॲल्युमिनियमच्या तारेचा सांगाडा. ती तारही वाकून वाकून तुटते, बहुधा ऐन शॉटमध्ये.

थ्रीडीत चुकलं तर कंट्रोल-झेड. इथे कोपर जास्त वळल्याचं चार फ्रेमनंतर (फ्रेम म्हणजे फिल्ममधलं एक चित्र) लक्षात आलं, तर आधीची जागा हातानेच शोधायची. सेकंदाला 24 फ्रेम. एक पोझ दोन फ्रेम धरली तरी 12 पोझ, म्हणजे दहा सेकंदांना 120 वेळा बाहुलीला हात. दिवसाला दोन-तीन सेकंद निघाले तरी मी खूश असतो.

पैशात थ्रीडीचं पारडं सरळ जड. अंधेरी-गोरेगावात स्टुडिओ आहेत, महिन्याचा पगार आहे. डेडलाइनला रात्री जातात आणि मोठ्या फिल्ममधला तुमचा तुकडा घरच्यांना बोट दाखवून सांगावा लागतो. स्टॉप-मोशनवाल्याला मुख्यतः जाहिराती: तीन आठवडे झोप नाही, मग तीन महिने फोन नाही. 'तारे जमीं पर'मधलं (2007) धिमंत व्यास यांचं मातीचं काम सगळ्यांनी पाहिलंय, पण तशी संधी रोज येत नाही. स्वतःची फिल्म तर वर्षं खाते. सुरेश एरियत यांची 'टोकरी' छोटीच, मुंबईतच घडणारी, तरी तिनेही खाल्लीच.

शिक्षणाचं थोडक्यात: पवईच्या आयआयटीतल्या आयडीसी या डिझाइन स्कूलमध्ये ॲनिमेशनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. पोटासाठी थ्रीडी शिकाच. टायमिंगची जाण दोन्हीकडे लागते.

फी भरण्याआधी एक रविवार काढा. मोबाइल चिकटपट्टीने पक्का करा, फोकस आणि एक्स्पोजर (फोटोतला उजेड) लॉक करा, लिंबू टेबलावरून पाच सेकंद चालवा. 60 फोटो. चाळिसाव्याला जीव कंटाळला, तर थ्रीडीचा फॉर्म भरा.