अस्वलाचा डबा: जॉन म्यूर ट्रेलवर २२ दिवस वापरून झाल्यावर लिहितेय

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटी मी आणि माझी मावसबहीण अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या डोंगरांमधली जॉन म्यूर ट्रेल ही पायवाट करून आलो, योसेमिटीच्या हॅपी आइल्सपासून माउंट व्हिटनीपर्यंत, २११ मैल म्हणजे ३४० किलोमीटर, आणि वर व्हिटनीवरून खाली गाडीरस्ता लागतो त्या व्हिटनी पोर्टलला उतरायचे अकरा मैल वेगळेच. बूट, टेंट, फिल्टर यांच्याबद्दल भरपूर लिहिलेलं सापडतं, पण मला घरी आल्यापासून ज्या वस्तूबद्दल लिहायचं होतं ती म्हणजे बेअर कॅनिस्टर. आम्ही त्याला पहिल्या दिवसापासून डबाच म्हणत होतो, इथेही डबाच म्हणते.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, जाड प्लास्टिकचा छोट्या पिंपासारखा गोल डबा, अस्वलाला उघडता येत नाही, फोडता येत नाही, आणि गोल गुळगुळीत असल्यामुळे जबड्यात धरून पळवताही येत नाही. त्याला कडी नाही, हँडल नाही, दोरी बांधायला भोक नाही, आणि हे मुद्दाम आहे, कारण धरायला काही मिळालं की अस्वल डबाच उचलून नेणार. आमचे दोघींचे एकसारखे, पारदर्शक, स्क्रूच्या झाकणाचे, साडेअकरा लिटरचे, रिकामे असताना सव्वा किलोच्या जरा आत. योसेमिटीत परमिट घेतो तिथे भाड्यानेही मिळतात, ते काळे असतात आणि नाण्याने उघडतात, पण आम्ही दुसऱ्याच टोकाला उतरणार होतो म्हणून विकत घेतले.

माझी ही बहीण नाशिकची, वय ५३, मी तिला ताई म्हणते. अलंग-मदन-कुलंग दोनदा केलंय तिने, रतनगड ते हरिश्चंद्रगड कात्राबाईच्या खिंडीतून किती वेळा ते तिलाही आठवत नाही. तिने डबा हातात घेतला आणि पहिलं वाक्य, "अगं हे लोढणं कशाला घ्यायचं? आपण गुहेत माकडांपासून सॅक टांगून ठेवतोच की, तसं झाडाला टांगू." मी तिला समजावलं की ताई इथे टांगणं चालतच नाही, योसेमिटीत जंगलात रात्री राहायचं तर डबा सक्तीचा आहे, आणि टांगायचं बंद झालं ते अस्वलांनीच करायला लावलं, दोरी कुठे बांधलीय ते शोधून ती तोडायची, पिल्लाला फांदीवर चढवायचं, हे सगळं शिकली ती. ताईला पटलं नव्हतं पण नियम आहे म्हटल्यावर गप्प बसली.

आता खरा प्रश्न, मावतं किती. दुकानात सांगतात एका माणसाचं सात दिवसांचं, आणि ते खरं आहे पण भरायची पद्धत बदलली तरच. आमची पहिली फेरी सनीव्हेलला माझ्या घरी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून झाली, सगळं पसरलेलं, वजनकाटा मध्ये, आणि चार दिवसांच्या सामानातच डबा गच्च. मग ताईने सूत्रं हातात घेतली. पातळ पोहे फार जागा खातात, ते तिने कोरडेच भाजून हाताने चुरले, निम्म्यावर आले. शेंगदाण्याचे लाडू करून आणले होते ते सगळे मोडले आणि गुळाच्या पाकात परत थापून चौकोनी वड्या पाडल्या, कारण लाडू गोल, दोन लाडवांमध्ये नुसती हवा जाते, वड्या विटांसारख्या एकावर एक बसतात. प्रत्येक झिपलॉकच्या कोपऱ्याला सुईने बारीक भोक, पिशवी पालथी, वरून लाटणं फिरवायचं, हवा फुस्स करून बाहेर आणि भोकावर चिकटपट्टी. लाटण्याने पिशव्या लाटणारी ही बाई बघून माझा मुलगा फोटो काढत होता. तिसऱ्या फेरीत सात दिवस बसले.

काय नेलं ते पण सांगते कारण आपल्याकडचं खाणं या डब्याला फार जमतं. भाजलेलं बेसन, त्यात तिखट-मीठ-हिंग-जिरं आणि वाळवलेला कांदा आधीच मिसळलेला, उकळत्या पाण्यात टाकलं की दोन मिनिटांत पिठलं. मेतकूट आणि इन्स्टंट भात. शेंगदाण्याची चटणी, तीही दाबून भरलेली. तूप छोट्या स्क्रूच्या बाटलीत, वर दोन झिपलॉक. डाळ-तांदूळ नेऊ नका, तीन हजार मीटरवर पाणी नव्वद डिग्रीच्या आसपासच उकळतं, तुरीची डाळ शिजेपर्यंत गॅस संपेल. आणि शक्यतो प्रत्येक गोष्ट तेल, तूप, दाणे, तीळ यांची, कारण तेवढ्याच जागेत कुरमुऱ्यापेक्षा दाण्यात किती ताकद आहे हे चौथ्या दिवशी पाय सांगतात. चालताना भूक कसली लागते हो, मी घरी अर्धी पोळी कमी खाणारी तिथे रात्री वाटी चाटून पुसून ठेवत होते.

एक गोष्ट बरेचजण विसरतात, डब्यात फक्त खाणं नाही जात. वास येणारी प्रत्येक वस्तू जाते, टूथपेस्ट, सनस्क्रीन, लिप बाम, साबण, औषधांच्या गोड गोळ्या, आणि खाऊन झाल्यावरचा कचरासुद्धा. ही जागा आधी धरा मग दिवस मोजा. मी एव्होल्यूशन लेकला लिप बाम सॅकच्या कमरेच्या पट्ट्याच्या खिशात विसरले, संध्याकाळी पाणी भरून परत येते तर एक मार्मोट पट्ट्यावर बसून निवांत कुरतडतोय, जाड खारीसारखा प्राणी असतो तो, मांजराएवढा आणि अजिबात न घाबरणारा. पट्ट्याचा फोम बाहेर आला, पुढचे अकरा दिवस मी तो चिकटपट्टीने बांधून चालले. चूक माझीच.

आता लायेल कॅन्यनची रात्र. टुओलमी मेडोजच्या पुढे ही लांबलचक सपाट दरी लागते, मधून नदी, दोन्हीकडे गवत, आणि अस्वलांसाठी प्रसिद्ध. आम्ही जेवून, तोंड धुऊन, दोन्ही डबे टेंटपासून चांगल्या शंभर फुटांवर सपाट जागी ठेवले, रेंजरने परमिट देताना नीट सांगितलं होतं की पाण्याजवळ नको, उतारावर नको, कड्याजवळ तर नकोच, नाहीतर अस्वल पंजा मारतं आणि डबा घरंगळत जातो तो सापडतच नाही. रात्री दोनच्या सुमारास ताईने माझा हात दाबला. बाहेर टक्, टक्, मग फुरफुर, मग डबा दगडावरून गडगडत गेल्याचा आवाज, मग परत टक्. आम्ही टेंटमधूनच ओरडलो, ताट-वाटी वाजवली, "हाड हाड" असं ताई ओरडत होती ते माझ्या अजून कानात आहे, आणि थोड्या वेळाने शांत झालं. झोप कसली लागतेय.

उजाडल्यावर बघितलं तर माझा डबा जागच्या जागी, ताईचा वीस-पंचवीस पावलांवर गवतात आडवा. झाकणाजवळ चार ओरखडे एका रांगेत, माझं बोट मावेल एवढ्या अंतरावर, आणि एका बाजूला लाळ सुकून पांढुरका थर. तिचाच डबा का, तर रात्री तिने तुपाच्या हातानेच झाकण लावलं होतं. आत सगळं जसंच्या तसं, वड्यांचा एक कोपरा मोडलेला नाही. ताई गवतात बसली, डबा मांडीवर घेतला, ओरखड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाली, "याला परत लोढणं म्हणणार नाही मी." मग बराच वेळ काही बोलली नाही, आणि नंतर विचारलं, त्याला खायला मिळालं असतं तर काय झालं असतं गं. मी सांगितलं. माणसाच्या खाण्याची चटक लागलेलं अस्वल तंबूत, गाडीत शिरायला लागतं, धीट होतं, आणि शेवटी कधीकधी त्याला मारावं लागतं. कॅलिफोर्नियात आता ग्रिझली उरलेलीच नाहीत, आहेत ती ही काळी अस्वलं, त्यांचा स्वभाव तसा माणसाच्या वाटेला न जाणारा. सव्वा किलो पाठीवर वाहून आपण त्याचा जीव वाचवतो, मला त्या सकाळपासून त्या वजनाची तक्रार करावीशी वाटली नाही.

तरी परीक्षण आहे म्हणून तोटे सांगायलाच हवेत. माझ्या ४५ लिटरच्या सॅकमध्ये डबा आडवा जातच नाही, उभाच ठेवावा लागतो आणि पाठीला टोचतो. उपाय सापडला तो असा, तळाला स्लीपिंग बॅग, त्यावर मधोमध पाठीला चिकटून डबा, आणि चहूबाजूंनी जॅकेट-कपडे कोंबायचे. सॅक आधी घेतली असेल तर डबा दुकानात तिच्यात घालून बघूनच घ्या. दुसरा तोटा थंडीचा. फॉरेस्टर पास उतरून टिंडल क्रीकला मुक्काम होता, रात्री दंव पडलं, सकाळी माझं झाकण काही केल्या फिरेना, बोटं बधिर, पोटात भूक. जुनं प्लास्टिकचं कार्ड झाकणाच्या खाचेत सरकवून फिरवलं तेव्हा सुटलं. कार्ड खिशात ठेवाच, आणि जमलं तर सकाळी पहिलं ऊन पडेल अशी जागा बघून डबा ठेवा.

तिसरा तोटा डब्याचा नाही, ट्रेलचा आहे. अर्ध्या वाटेवर म्यूर ट्रेल रँच लागतं, तिथून व्हिटनी अजून ११० मैल, मध्ये रस्ता नाही गाव नाही, आणि एवढ्या दिवसांचं खाणं एका डब्यात बसत नाही. आम्ही पहिला साठा रेड्स मेडोला घेतला, दुसरा या रँचवर. इथे खाणं पाच गॅलनच्या प्लास्टिकच्या बादलीत भरून पोस्टाने आधीच पाठवायचं असतं, कारण ते पुढे फ्लोरेन्स लेक ओलांडून आडरानात न्यावं लागतं, म्हणून काही आठवडे हाताशी ठेवून पाठवा. आमच्या दोन्ही बादल्या झाकणावर नाव लिहिलेल्या तशा तयार होत्या, फार बरं वाटलं. लोकांनी नको असलेलं खाणं ठेवलेले पिंप असतात तिथे, त्यात ताईने मेतकुटाची एक पुडी ठेवली, वर इंग्रजीत लिहिलं की भातावर घाला.

तिसरा साठा माझ्या नवऱ्याने आणला. केअरसार्ज पासवरून मुख्य वाट सोडून खाली ओनियन व्हॅलीला उतरलो, तो गाडी घेऊन तिथे आला होता. यात जवळजवळ एक दिवस जाण्यायेण्यात मोडतो, पण सात दिवसांवर डबा कसाही दाबला तरी जात नाही, त्यामुळे आमच्यासारख्या रोज दहा-अकरा मैल चालणाऱ्यांनी हा दिवस आधीच धरावा. वूड्स क्रीक, रे लेक्स, व्हिडेट मेडो या मुक्कामांवर लोखंडी पेट्या आहेत, डब्यात न मावलेलं तिथे ठेवता येतं, त्याने थोडा हात सैल होतो. आणि निघतानाचं पहिल्या दिवसाचं दुपारचं खाणं डब्यात घालायची गरज नाही, रात्रीच्या आत पोटात जाणारच असतं.

फायदे म्हणाल तर बसायला स्टूल मिळालं. ऐकायला साधं वाटेल पण २२ दिवस दगडावर आणि ओल्या गवतावर बसल्यानंतर संध्याकाळी पाठ सरळ करून बसता येणं काय असतं ते गुडघेदुखीवाल्यांना विचारा. म्यूर पासवरच्या दगडी खोपटाबाहेर, ते १९३० साली सिएरा क्लबने बांधलंय, आम्ही दोघी आपापल्या डब्यावर बसून पिठलं खाल्लं. पारदर्शक असल्यामुळे खाली काय उरलंय ते बाहेरून दिसतं. पावसाचं पाणी आत गेलं नाही, फक्त पालथा ठेवायचा.

मी पाचपैकी साडेचार देते, अर्धा कापलाय तो झाकणाचा. वर्षात एखादीच रात्र जंगलात काढणाऱ्यांनी भाड्याने घ्या, पुरे होतं. माझा डबा गॅरेजमध्ये नुसता पडून आहे, बे एरियात कोणाला परमिट लागलं असेल तर खुशाल न्या, मुकाट्याने देईन, पण परत देताना वासाच्या साबणाने धुऊ नका. ताईचा मिळणार नाही, ती तो ओरखड्यांसकट नाशिकला घेऊन गेली.