शेगडीचा रेग्युलेटर बदलून आठ महिने झाले, त्याचा अनुभव

आमच्या इंग्लंडमधल्या, रेडिंगच्या घरात गॅसची लाइन नाही. वर सिरॅमिक काचेची शेगडी आणि खाली ओव्हन असा एकत्र, विजेवर चालणारा कुकर आहे (इथे त्यालाच कुकर म्हणतात, शिट्टीवाला वेगळा). काचेवर तापणारे चार गोल, चार नॉब, १ ते ६ आकडे. गेल्या ऑक्टोबरात आई साताऱ्याहून आली आणि तिसऱ्याच दिवशी तिनं पिठल्याचं पातेलं माझ्यासमोर धरलं. तळाशी काळा थर. "अगं, एकवरच ठेवलं होतं मी. गॅसवर निदान ज्योत तरी दिसते!"

आईचं काही चुकलं नव्हतं. पुढचा डावा गोल १ वर ठेवला तरी ६ वर ठेवल्यासारखा लालभडक होत होता. शून्यावर आणला की मात्र बंद व्हायचा. एका दुरुस्तीवाल्याला फोन केला, तर न बघताच "जुना आहे, नवीन घ्या" म्हणाला. बाकीचे तीन गोल उत्तम चालत असताना अख्खा कुकर भंगारात टाकायचा हे मला पटेना.

आठवडाभर माझी दिशाभूल झाली ती एका गोष्टीमुळे. बिघडलेला गोलसुद्धा मधूनमधून विझायचा आणि परत पेटायचा. मला वाटलं, म्हणजे कंट्रोल चालू आहे, बिघाड दुसरीकडे असणार. खरं तर इथे दोन वेगळ्या वस्तू चालू-बंद करतात. नॉबच्या मागे रेग्युलेटर असतो, त्याला सिमरस्टॅटही म्हणतात. काचेखालच्या तापणाऱ्या कॉइलच्या वर आडवी दांडी असते तो लिमिटर, काच फार तापू नये म्हणून. चालता रेग्युलेटर शेगडी थंड असल्यापासूनच ठरावीक वेळाने वीज तोडतो. लिमिटर काच भरपूर तापल्यावरच तोडतो. घड्याळ घेऊन बसले तेव्हा कळलं की माझा गोल पहिली काही मिनिटं एकदाही विझत नाही. म्हणजे तोडत होता तो लिमिटर, रेग्युलेटर नव्हे.

विजेच्या शेगडीत आच बारीक होते म्हणजे करंट कमी होत नाही. १८०० वॅटची कॉइल पेटते तेव्हा पूर्ण १८०० नेच पेटते, फक्त किती वेळ पेटायचं ते रेग्युलेटर ठरवतो. त्याच्या पोटात दोन धातूंची चिकटवलेली पट्टी आणि तिला तापवणारी बारीकशी तार असते. पट्टी तापून वाकली की संपर्क सुटतो, निवली की परत जुळतो. पाऊण मिनिटाला एक फेरी धरली तर तासभर आमटी उकळताना हे ऐंशी वेळा होतं, आणि दर वेळी संपर्काच्या टोकांवर ठिणगी पडते. वर्षानुवर्षांनी ती टोकं एकमेकांना चिकटून बसतात. माझ्या गोलाचं तेच झालं होतं. शून्यावर तो बंद व्हायचा, कारण तिथे नॉब दुसरा संपर्क थेट तोडतो.

भिंतीवरचा लाल स्विच बंद केला, फ्यूज बॉक्समधला ३२ अँपिअरचा एमसीबी पाडला, आणि मग टर्मिनलवर टेस्टर लावून वीज खरंच गेली आहे याची खात्री केली. हे तिन्ही करण्याची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. ओव्हनचं दार उघडल्यावर वर दिसणारे दोन स्क्रू काढले की आमच्या मॉडेलची काच पुढून उचलली जाते. आईनं ती लाकडी पोळपाटाची कड लावून तोलून धरली. कॉइल मीटरवर २९ ओहम दाखवत होती, म्हणजे ठणठणीत. मग शेजारच्या तशाच गोलाशी रेग्युलेटरची अदलाबदल केली. बिघाड रेग्युलेटरबरोबर शेजारी गेला. यापेक्षा पक्का पुरावा नको.

नवा मागवताना मात्र फसले. पहिला आला त्याची दांडी आखूड, नॉब बसेचना. म्हणून जुन्यावर छापलेला पूर्ण क्रमांक बघूनच मागवा. दांडीची लांबी, तिची सपाट बाजू आणि टर्मिनलची जागा, सगळं जुळलं पाहिजे. दुसरा बरोबर आला, १८ पौंडांना. जुन्यावरची एक वायर काढायची आणि लगेच नव्यावर त्याच खुणेच्या टर्मिनलला लावायची, असं एकेक करत गेले. आधी फोटोही काढून ठेवला होता.

आता आठ महिन्यांचा वापर. बसवला त्या दिवशी १ वर साधारण तीन सेकंद लाल आणि पंचेचाळीस सेकंद काळं, असं मोजलं होतं. परवा मोजलं तर तेवढंच. १ वर दूध तापत ठेवून मी वर जाऊन येते, उतू जात नाही. साजूक तूप तर गॅसपेक्षा छान कढतं, बेरी सोनेरी राहते. जुन्या रेग्युलेटरच्या २ वर जे व्हायचं ते आता दीडच्या आसपास होतं, हात बसायला पंधरा दिवस लागले. शून्यावरचा खटका अजून कडक आहे, आईच्या बोटांना त्रास होतो. आणि पोळ्या करताना तवा तापला की आच लगेच कमी होत नाही. पण तो दोष काचेखालच्या कॉइलचा आहे, नव्या रेग्युलेटरनं तो जाणार नव्हताच.

मागचा उजवा गोल आता १ वर आठ-नऊ सेकंद लाल राहायला लागलाय. त्याच क्रमांकाचा आणखी एक रेग्युलेटर मागवून ठेवलाय.