लाइट गेल्यावर वाचलेली पुस्तकं

शिलाई मशीनला मोटर बसवल्यापासून दुपारी लाइट गेली की माझे हात रिकामे होतात. औसा तालुक्यातल्या आमच्या गावात हे नेहमीचंच. त्या वेळात मी वाचनालयातून आणलेली पुस्तकं आत्यांना, म्हणजे सासूबाईंना, मोठ्यानं वाचून दाखवते. त्यांना लिहिता-वाचता येत नाही, पण कान फार पक्का. उन्हाळ्यापासून बरीच पुस्तकं झाली, त्यातल्या काहींबद्दल लिहिते.

सगळ्यात आधी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा'. कादंबरी १९७१ची आणि मी वाचली आत्ता, याची चुटपुट लागली. गावातल्या एका शिंप्याची गोष्ट त्याची बायको पार्वती सांगते, तीही तिच्याच बोलीत. दोन पानं होईस्तोवर आत्यांनी शेंगा फोडायच्या थांबवल्या. "ही तर आपल्याकडलीच हाय की गं," म्हणाल्या. बोराडे काटगावचे, आपल्याच लातूर जिल्ह्यातले, हे मी त्यांना नंतर सांगितलं.

मला मात्र त्या शिंप्यानं धरून ठेवलं. फार ताठ माणूस. शिवणाऱ्याला गावाशी वाकडं घेऊन भागत नाही. गिऱ्हाईक दारात उभं राहून एका ब्लाउजपायी चार शब्द सुनावतं, ते मी गिळते. तो गिळत नाही, आणि भोगावं लागतं सगळ्या घराला. शेवटाकडे माझा आवाजच फुटेना, ती पानं दुसऱ्या दिवशी वाचली. वाचनालयाच्या प्रतीची पानं सुटली होती, ती जाड दोऱ्यानं शिवून परत केली.

लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथनही लातूरकडचंच, धनेगावचं; चोर म्हणून शिक्का बसलेल्या उचल्या जमातीतलं. १९८८चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला आहे. पोलीस घरात शिरतात ती पानं ऐकून आत्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "ही माणसं गावात आली की आम्ही दारं लावून घ्यायचो." मीही लहानपणी तेच केलंय, मी काय बोलणार?

भालचंद्र नेमाड्यांची 'कोसला' मला अर्ध्यापर्यंत जड गेली. पुण्यातलं होस्टेल, मेस, पोरांच्या गप्पा, यात आत्यांना झोप लागायची. पण पांडुरंगची बहीण मनी देवीनं जाते, तिथं नेमाड्यांनी जे लिहिलंय ते वाचून मी पुस्तक पालथं ठेवलं. तेवढ्या भागासाठी पुढचं-मागचं सगळं वाचावं.

वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर' दोघींनाही आवडलं. भंगारातल्या बाटल्या-डबे गोळा करून अमेरिकेतला हा शेतीशास्त्रज्ञ प्रयोगशाळा उभी करतो, ते वाचून कोपऱ्यातल्या कातरणाच्या गाठोड्याकडे माझं लक्ष गेलं. कापसावर कापूस घेऊन थकलेल्या जमिनीत तो भुईमूग लावायला सांगतो, यावर आत्या लगेच म्हणाल्या, "भुईमुगाचा बेवड चांगलाच असतोय. आमच्या आबाला ठावं होतं."

यशाचे मंत्र सांगणारं एक भाषांतरही आणलं होतं. तिसऱ्या प्रकरणात सोडलं. त्यात कुणाचं घर दिसलं नाही, कुणाचे हात दिसले नाहीत.

नरहर कुरुंदकरांचं 'जागर' मी रात्री एकटीनंच वाचते, सावकाश. एकेक लेख दोनदा वाचला की उकलतो. नांदेडात बसून कुणीतरी इतका स्वच्छ विचार करत होतं, याचा मला अभिमान वाटतो.

आता आत्यांनी परत पार्वतीचंच लावून धरलंय. पण वाचनालयातली ती प्रत सध्या दुसऱ्या कुणीतरी नेलीय.