जुन्या टगबोटीचं खरं नाव शोधायचंय? क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट वापरून बघाच

माझ्या मावसभावाने, म्हणजे दादाने, राहायला म्हणून एक जुनी टगबोट (मोठ्या जहाजांना ओढणारी छोटी दणकट बोट) घेतली. आधीच्या कुणीतरी तिची हाऊसबोट करून टाकलेली, बॉयलर होता तिथे बेडरूम, मागच्या डेकवर लाकडी हॉल, व्हीलहाऊसमध्ये, म्हणजे सुकाणूच्या खोलीत, वाचायची खुर्ची. घेताना त्याला सांगितलं गेलं की ही टीआयडी टग आहे आणि १९४० मध्ये फ्रान्समधल्या डंकर्कला अडकलेले सैनिक आणायला गेली होती. कागद मात्र कसलेच नाहीत, आणि नाव आधीच्या मालकाने बदललेलं. दादा म्हणाला तूच शोध, तुला असल्या गोष्टींचं वेड आहे. आहेच!

पहिली गोष्ट तर लगेच खटकली. टीआयडी टग तयार होऊ लागल्या त्याच १९४३ मध्ये, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला घाईघाईने टग हव्या होत्या म्हणून, आणि डंकर्कची सुटका आटोपली ४ जून १९४० ला. म्हणजे या दोन्ही गोष्टी एकाच बोटीच्या बाबतीत खऱ्या असूच शकत नाहीत. मग दादाला म्हटलं, बोटीचे जवळून फोटो पाठव, मागची बाजू आणि पत्र्यांचे सांधे दाखव. टीआयडीचे सांगाडे वेगवेगळ्या कारखान्यांत आठ तुकड्यांत बनवून मग वेल्डिंगने जोडायचे, काम सोपं व्हावं म्हणून पत्रे शक्यतो वाकवायचेच नाहीत, त्यामुळे ती बोट कोनाकोनांची दिसते. दादाच्या बोटीची मागची बाजू गोल, आणि रंगाचे एवढे थर चढूनही रिव्हेटच्या टिकल्यांच्या ओळी साफ दिसत होत्या. म्हणजे टीआयडी नाहीच, बहुतेक त्याच्याही आधीची.

मग मी फोटोवरून वस्तू ओळखणारं एक ॲप वापरून बघितलं, त्याने तिला मासेमारीची बोट म्हटलं. आयएमओ नंबरचाही (जहाजाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) उपयोग नाही, ती पद्धत १९८७ मध्ये आली आणि मुळात १०० ग्रॉस टनांच्या वरच्या जहाजांसाठी, बंदरातल्या जुन्या छोट्या टगला तो नंबर मिळालेलाच नसतो. जहाजं लाइव्ह दाखवणाऱ्या साइटवर तर काय शोधणार, इंजिन काढून धक्क्याला बांधलेली बोट सिग्नल थोडीच पाठवते.

खरा धागा बोटीच्या पोटातच असतो. ब्रिटनमध्ये १८५५ पासून रजिस्टर झालेल्या प्रत्येक बोटीला एक ऑफिशियल नंबर मिळायचा, आणि कायद्याने तो नंबर आणि टनेज (बोटीच्या आतल्या जागेचं माप) मुख्य तुळईवर कोरावंच लागायचं. नाव बदलो, मालक बदलो, बंदर बदलो, नंबर तोच राहतो. दादाला दोन रविवार लागले. बेडरूमच्या छताची फळी काढली, आतल्या लोखंडी तुळईवर टॉर्च अगदी आडवा धरला (समोरून उजेड टाकला तर काहीच दिसत नाही, तिरक्या उजेडात खोलगट रेषांची सावली पडते) आणि पांढऱ्या रंगाखाली आकडे उमटले. शेजारी नेट टनेज, ते इतकं कमी की दादा म्हणाला चुकीचं वाचतोय बहुतेक. चूक नव्हती. नेट टनेज म्हणजे एकूण जागेतून इंजिन-बॉयलर वगैरेंची जागा वजा करून मालासाठी उरते ती जागा, आणि टगमध्ये इंजिन-बॉयलर सोडून दुसरं असतंच काय! तो बारीक आकडा ही बोट टगच असल्याची मोठी खूण आहे.

आता मुख्य रिव्ह्यू. क्रू लिस्ट इंडेक्स प्रोजेक्ट, लोक क्लिप म्हणतात. स्वयंसेवकांनी उभी केलेली साइट आहे, फुकट आहे. ऑफिशियल नंबर टाकला की त्या नंबरच्या बोटीची नावं आणि रजिस्टरचं बंदर येतं. आमचा नंबर टाकला आणि एकदम वेगळंच नाव समोर आलं, खरं सांगतो अंगावर काटा आला. तिथून मर्कंटाईल नेव्ही लिस्टची स्कॅन केलेली पानं उघडता येतात, ही ब्रिटिश जहाजांची सरकारी यादी, आणि त्यात बोट कुठे बांधली, कधी बांधली, लांबी-रुंदी, मालकाचं नाव सगळं एका ओळीत. आमची बोट पहिल्या महायुद्धाच्याही आधीची निघाली.

एका ठिकाणी मात्र आम्ही घाबरलो. दादाने टेपने लांबी मोजली ती यादीतल्या लांबीपेक्षा बरीच जास्त. वाटलं नंबरच दुसऱ्या बोटीचा, कुणीतरी जुनी तुळई आणून बसवली असेल. मग डोक्यात आलं की रजिस्टरची लांबी पुढच्या टोकापासून सुकाणूजवळच्या खांबापर्यंतच धरतात, आणि टगची गोल मागची बाजू त्या खांबाच्याही मागे बाहेर आलेली असते. दादाने खांबापर्यंत परत मोजलं, बरोबर जुळलं. त्यामुळे तुम्हीही मोजाल तेव्हा हे आधी लक्षात ठेवा, उगाच निराश होऊ नका.

बांधणीची जागा स्कॉटलंडमधली दिसली म्हणून पुढे स्कॉटिश बिल्ट शिप्स नावाच्या डेटाबेसवर गेलो, कॅलेडोनियन मेरिटाईम रिसर्च ट्रस्टचा आहे. तिथे बोट कोणत्या यार्डात बांधली, यार्ड नंबर काय, इंजिन कुणी बनवलं आणि नंतर किती वेळा नाव बदललं हे मिळालं. दोन्ही साइट एकत्रच वापरा, एक सरकारी कागद दाखवते आणि दुसरी बोटीचं आयुष्य.

साइटची मर्यादाही सांगतो. बोट ब्रिटिश रजिस्टरवर असली तरच क्लिपचा उपयोग, डच किंवा अमेरिकन टग असेल तर त्या त्या देशाचं रजिस्टर बघावं लागेल, डच बोटींवर तर रजिस्टरची खूण लोखंडावर ठोकलेली असते. नौदलाच्या टग या यादीत शोधू नका. फक्त नद्यांमध्ये आणि किनाऱ्यालगत चालणाऱ्या १५ टनांपर्यंतच्या बोटींना रजिस्टर करायची सक्तीच नव्हती. आणि नंबरच सापडला नाही तर नावावरून शोधणं फार कठीण, एकाच नावाच्या डझनभर बोटी निघतात. तेव्हा आधी पुढच्या दोन्ही बाजूंना तिरका टॉर्च मारून बघा, जुन्या नावाची अक्षरं पत्र्यावर छिन्नीने कोरलेली असतात किंवा वेल्डिंगने उठवलेली असतात, रंगाखालीही ती राहतात.

डंकर्कचं काय? बोट तेव्हा होती, एवढं नक्की. गेली होती का, याचा पुरावा अजून मिळालेला नाही, आणि तो मिळेपर्यंत कुणालाही तसं सांगू नकोस असं मी दादाला बजावलंय. तोही मानला. खऱ्या माणसांनी कोळसा ओढत चालवलेली बोट आहे ती, तिला उसन्या गोष्टीची गरज नाही.

बोटीचं नाव आणि नंबर मुद्दाम देत नाहीये, ते कुणाचं तरी राहतं घर आहे. क्लिपला माझ्याकडून पाचपैकी पाच. छताची ती फळी दादाने परत लावलेलीच नाही, त्याऐवजी काच बसवलीय, बेडवर आडवं पडलं की वर नंबर दिसतो.