कब्स की व्हाइट सॉक्स? शिकागोच्या आपसातल्या मालिकेचं तिकीट काढण्याआधी

शिकागोत बेसबॉलचे दोन मोठे संघ आहेत आणि दोघांची मैदानं एकाच रेल्वेमार्गावर आहेत. रेड लाइनने उत्तरेला ॲडिसनला उतरलं की समोर रिग्ली फील्ड, कब्सचं घर. तीच गाडी धरून दक्षिणेला ३५व्या रस्त्याच्या स्टेशनात उतरलं की रेट फील्ड, व्हाइट सॉक्सचं घर. मध्ये साधारण तेरा किलोमीटर. २०२५ मध्ये हे दोघे एकमेकांशी सहा वेळा खेळले, तीन सामने इकडे, तीन तिकडे. या मालिकेचे दिवस जवळ आले की नेपरव्हिल, ऑरोरा, शॉमबर्गकडच्या नव्या मराठी घरांतून मला विचारणा होते: एकच सामना बघायचाय, कुठला बघू? आणि टाळ्या कोणासाठी वाजवू?

मी सॉक्सवाला आहे, हे आधीच सांगून टाकतो. पण इथे जे लिहितोय ते तुमच्या पैशांचा आणि वेळेचा विचार करून.

आधी संघ. कागदावर सध्या कब्स सरळसरळ वरचढ आहेत. २०२५ मध्ये त्यांनी ९२ सामने जिंकले, बाद सामन्यांच्या पहिल्या फेरीत सॅन डिएगोला हरवलं आणि पुढे मिलवॉकीशी पाच सामन्यांपर्यंत झुंजून बाहेर पडले. त्याच हंगामात सॉक्सनी ६० जिंकले, १०२ हरले. त्याआधीचं वर्ष आठवलं की आजही पोटात कालवतं: २०२४ मध्ये सॉक्स १२१ सामने हरले. १९०० नंतरच्या बेसबॉलमध्ये एका हंगामात इतके पराभव कोणाच्याच वाट्याला आले नव्हते.

कब्सची खरी ताकद क्षेत्ररक्षणात आहे, आणि क्रिकेटवर वाढलेल्या डोळ्याला ती चटकन दिसते. मैदानाच्या मधल्या पट्ट्यात दुसऱ्या बेसपाशी (बेस म्हणजे धावताना गाठायचे टप्पे) नीको होर्नर, शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये, डॅन्सबी स्वॉन्सन आणि मागे सेंटर फील्डला पीट क्रो-आर्मस्ट्राँग. या तिघांमधून चेंडू निसटणं अवघड. क्रो-आर्मस्ट्राँगने २०२५ मध्ये ३१ होम रन (आपले षटकारच म्हणा) मारले आणि ३५ बेस चोरले, म्हणजे फटका न लागताच पळून पुढचा बेस गाठला. मात्र त्यातले बहुतेक होम रन हंगामाच्या पूर्वार्धातले. उत्तरार्धात पिचर, म्हणजे गोलंदाज, त्याला झोनबाहेरचे, सोडून द्यावेत असे चेंडू टाकू लागले आणि तो मोहात पडत गेला. सेया सुझुकीने शंभरावर रन घरी आणले, मायकल बुशने तिशी ओलांडून होम रन मारले. काइल टकर मात्र २०२६ च्या आधी डॉजर्सकडे गेला, आणि कब्सनी तिसऱ्या बेससाठी ॲलेक्स ब्रेगमनला आणलं.

सॉक्सकडे अशी लांबलचक यादी नाही, पण जे आहे ते कोवळं आणि बघण्याजोगं. कोल्सन माँटगोमेरी हा उंचापुरा शॉर्टस्टॉप २०२५ च्या जुलैत धाकट्या लीगमधून वर आला आणि ७१ सामन्यांत २१ होम रन ठोकून गेला. शेन स्मिथ दुसऱ्या संघाने राखून न ठेवलेल्या खेळाडूंतून उचललेला पिचर, त्याच वर्षी निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात गेला. आणि आता जपानचा मुनेताका मुराकामी. त्याने २०२२ मध्ये तिथल्या लीगमध्ये ५६ होम रन मारले होते, जपानमध्ये जन्मलेल्या खेळाडूचा तो विक्रम. तो चुकतोही खूप, पण लागला की चेंडू शोधायला जावं लागतं. टोकियो ऑलिंपिकच्या सुवर्णविजेत्या संघात मुराकामी आणि कब्सचा सुझुकी एकत्र होते. आता दोघं एकाच शहरात, पण समोरासमोर. एवढ्यासाठीसुद्धा मी तिकीट काढीन.

मग कब्स जिंकणार, विषय संपला? इथेच नवे प्रेक्षक फसतात. गुणतक्त्यावरून तीन सामन्यांच्या मालिकेचा अंदाज बांधता येत नाही. समजा एखादा सामना जिंकण्याची कब्सची शक्यता ६० टक्के धरली. बेसबॉलमध्ये ही फार मोठी आघाडी झाली. १६२ पैकी ६० टक्के सामने जिंकणारा संघ वर्षातल्या अव्वल संघांत जाऊन बसतो. तरीही तीनपैकी किमान दोन जिंकण्याची शक्यता निघते ६५ टक्के, आणि तिन्ही जिंकण्याची जेमतेम २२ टक्के. म्हणजे इतका वरचढ संघसुद्धा साधारण तीनातली एक मालिका गमावणार.

२०२४ चंच बघा. सॉक्स आपल्या इतिहासातला सर्वात वाईट हंगाम खेळत होते आणि कब्सनी त्यांना चारही सामन्यांत हरवलं. निकाल एकतर्फी, पण त्या चारपैकी तीन सामने ७-६ असे, एका रनाने गेले. २०२५ मध्ये कब्स सहापैकी पाच जिंकले, तरी जुलैत ३५व्या रस्त्यावरच्या पहिल्याच सामन्यात सॉक्सनी त्यांना १२ रन मारले.

आणि सगळ्यांत जुना दाखला १९०६ चा. त्या वर्षी कब्सनी ११६ सामने जिंकले आणि फक्त ३६ गमावले. सॉक्सची फलंदाजी तर अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात कच्ची, सरासरी .२३०, त्यामुळे त्यांना ‘हिटलेस वंडर्स’ म्हणत. दोघं वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम मालिकेत, भिडले. दोन शिकागोकर संघांची ती आजवरची एकमेव वर्ल्ड सिरीज. सॉक्सचा पिचर एड वॉल्शच्या थुंकी लावलेल्या ओल्या चेंडूपुढे कब्सची दाणादाण उडाली, आणि ज्यांना हिट मिळत नाहीत म्हणून हिणवलं जायचं त्या सॉक्सनी शेवटच्या दोन सामन्यांत आठ-आठ रन केले. मालिका ४-२ ने सॉक्सकडे. दक्षिणेकडच्या लोकांना हे एकशेवीस वर्षांनंतरही पाठ आहे.

असं का होतं, याचं उत्तर पिचरमध्ये आहे. क्रिकेटमध्ये तुमचा मुख्य गोलंदाज प्रत्येक सामन्यात असतो. बेसबॉलमध्ये स्टार्टर, म्हणजे सामना सुरू करणाऱ्या पिचरचा पाच जणांचा फेरा असतो. आज टाकलेला माणूस पुन्हा चार-पाच दिवसांनी येतो. तीन सामन्यांच्या मालिकेत पाचातले तिघेच दिसणार. कब्सचे दोन चांगले पिचर नुकतेच टाकून बसले असतील आणि सॉक्सचा स्मिथ ताजा असेल, तर त्या संध्याकाळी ९२ आणि ६० या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. म्हणून तिकीट काढण्याआधी गुणतक्ता सोडा आणि त्या दिवशीचे दोन पिचर बघा. ती नावं एक-दोन दिवस आधी जाहीर होतात. त्यातला कोण डावखुरा आहे हेही बघा. बुश आणि क्रो-आर्मस्ट्राँग दोघंही डावखुरे बॅटर. डावखुऱ्या पिचरचा चेंडू डाव्या बॅटरला उशिरा दिसतो आणि दूर जातो. मग आधीच्या तीन दिवसांत बुलपेन किती वापरलंय ते बघा. नऊपैकी शेवटच्या तीन इनिंगांत येणारे हे राखीव पिचर म्हणजे आपले डेथ ओव्हरवाले, आणि दमलेला बुलपेन सहा रनांची आघाडीही घालवतो.

रिग्लीला याच्या जोडीला आणखी एक गोष्ट बघावी लागते: वारा. तिथे होम प्लेट, म्हणजे बॅटरची जागा, नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे आणि बॅटरचं तोंड ईशान्येला, मिशिगन तलावाकडे. ईशान्येचा गार वारा आला की तो थेट बॅटरच्या अंगावर येतो आणि चांगला उंच मारलेला चेंडू हवेत मरून फील्डरच्या ग्लोव्हमध्ये पडतो. नैर्ऋत्येचा उष्ण वारा सुटला की तोच चेंडू भिंत ओलांडून वेव्हलँड रस्त्यावर. १७ मे १९७९ ला वारा असाच बाहेर वाहत होता, आणि फिलाडेल्फियाने कब्सना २३-२२ असं हरवलं. सकाळी उठून झेंड्यांची दिशा बघणारे प्रेक्षक मी फक्त या मैदानावर पाहिलेत. रेट फील्डला वाऱ्याची एवढी दहशत नाही. तिथल्या बाजूच्या भिंती जवळ आहेत, डावीकडे ३३० फूट, उजवीकडे ३३५, तर रिग्लीला ३५५ आणि ३५३. मुराकामी, माँटगोमेरीसारख्यांना ते मैदान मानवतं.

आता मैदानांचंच सांगतो. रिग्ली १९१४ चं. बाहेरच्या विटांच्या भिंतीवर वेल चढलेली. एप्रिलमध्ये नुसत्या काड्या, जूनपर्यंत गच्च हिरवी. चेंडू त्या पानांत अडकला तर फील्डर दोन्ही हात वर करतो आणि बॅटरला फक्त दोन बेस मिळतात. धावफलक १९३७ चा, आजही आत माणसं बसून हाताने आकडे लावतात. दिवे लागले ते १९८८ च्या ऑगस्टमध्ये. तोवर इथे फक्त दुपारी खेळ व्हायचा. सामना संपला की जिंकल्याचा किंवा हरल्याचा झेंडा चढतो. रेट फील्ड १९९१ चं, सिमेंटचं, प्रशस्त. वरचा मजला सुरुवातीला फारच उभा होता. २००४ मध्ये वरच्या आठ रांगा काढून छप्पर बसवलं. माझी एकच खंत आहे: मैदानाचं तोंड आग्नेयेकडे, त्यामुळे डाउनटाउनच्या उंच इमारती आपल्या पाठीमागे राहतात.

रिग्लीची वेल लावून घेणारा माणूस होता बिल व्हीक. त्याचे वडील कब्सचे अध्यक्ष होते. पुढे तोच व्हीक सॉक्सचा मालक झाला आणि १९६० मध्ये त्याने दक्षिणेच्या जुन्या मैदानावर होम रनला फटाके उडवणारा धावफलक उभा केला. सातव्या इनिंगमध्ये अख्खं मैदान उभं राहून गातं, त्या प्रथेचा शिकागोतला चेहरा म्हणजे समालोचक हॅरी केरी. तो आधी सॉक्सकडे गायचा, १९८२ पासून कब्सकडे. उत्तर-दक्षिण भांडतात खरे, पण दोघांच्या घरातलं बरंचसं सामान एकाच हाताने मांडलेलं आहे.

किताबांबाबत कोणी फार मान ताठ करू नये. कब्स १९०८ नंतर थेट २०१६ ला जिंकले, सॉक्स १९१७ नंतर २००५ ला. मध्ये १९१९ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये पैसे घेऊन हरल्याच्या प्रकरणात सॉक्सच्या आठ जणांवर कायमची बंदी आली, तो डाग आमच्यावर आहे. गर्दीत मात्र तुलनाच नाही: २०२५ मध्ये रिग्लीला सुमारे ३० लाख प्रेक्षक आले, रेट फील्डला १५ लाखांच्या आत. ओबामा सॉक्सवाले, पोप लिओ चौदावेही सॉक्सवाले, आणि पोप २००५ च्या वर्ल्ड सिरीजला खुर्चीत बसून होते. तरी गर्दी उत्तरेलाच.

या गर्दीचा तुमच्या निर्णयाशी संबंध आहे. रिग्लीला तिकीट महाग पडतं, गाडी लावायला जागा जवळजवळ नाही, आणि खालच्या मजल्यावर मागच्या रांगांत छप्पर पेलणारे लोखंडी खांब नजरेच्या आड येतात. तिकीट काढताना ‘दृश्य अडलेलं’ असा शेरा आहे का ते नक्की वाचा. दुपारचा सामना असेल तर तिसऱ्या बेसच्या बाजूला बसा, तिथे सावली आधी येते. उजव्या आउटफिल्डच्या बाकांवर तुम्ही उन्हाकडे तोंड करून भाजाल. ३५व्या रस्त्याला डॅन रायन महामार्ग शेजारून जातो, भोवती मोठाले वाहनतळ आहेत, लोक डिकी उघडून तिथेच जेवणं मांडतात. उपनगरातून मुलं आणि आजी-आजोबा घेऊन येणाऱ्याला हे फार सोयीचं.

आणि शाकाहारी माणसासाठी ३५व्या रस्त्यावर एलोते मिळतं. कणसाचे दाणे काढून त्यावर लोणी, मेयॉनीज, चीज, तिखट आणि लिंबू. मेयॉनीजमध्ये अंडं असू शकतं, चालत नसेल तर त्याशिवाय मागा. माझे बाबा नाशिकहून आले होते तेव्हा त्यांना तिथे नेलं. चौथ्या इनिंगपर्यंत त्यांना खेळ उमगला नव्हता. कणीस मात्र पहिल्या घासाला ओळखीचं निघालं, आणि सहाव्या इनिंगला ते मला विचारत होते की हा पिचर दमलाय, बदलत का नाहीत?

तर माझं मत. बेसबॉल एकदाच बघणार असाल, पुन्हा या शहरात येणं नसेल, तर रिग्लीला जा, समोर कोणताही संघ असो. ती वेल आणि तो फलक बघितलाच पाहिजे. पण बघायची आहे ती दोघांची आपसातली झुंज, तर ३५व्या रस्त्याचा सामना घ्या. रिग्लीला त्या दिवशीही सगळं निळंच असतं, सॉक्सचे काळे कपडेवाले तुरळक. रेट फील्डला कब्सवाले हजारोंनी येतात, मैदान अर्धंअर्धं वाटलं जातं, आणि प्रत्येक चेंडूला एका बाजूने आरोळी उठते, लगेच दुसऱ्या बाजूने उत्तर. तीनातला शुक्रवारचा सामना बघा. शनिवारी-रविवारी बुलपेन जास्त दमलेले असू शकतात.

टाळ्या कोणासाठी, ते तुम्ही ठरवा. जिंकणारा संघ हवा असेल तर आज कब्स. एखादा संघ तळातून वर येताना पहिल्या दिवसापासून बघायचा असेल, तर माँटगोमेरी शॉर्टस्टॉपला उभा आहे, मुराकामी बॅट घेऊन तयार आहे, आणि माझ्या शेजारच्या खुर्च्या बहुधा रिकाम्याच असतात.