जुळी मिरची की वेगळं झाड: बी कुणाचं धरायचं?

या डिसेंबरात आमच्या कोथरूडच्या गच्चीवर दोन नवलं एकदमच दिसली. ज्वाला वाणाच्या मिरचीच्या झाडावर एका देठाला दोन मिरच्या, देठाशी एकजीव आणि टोकाला फाकलेल्या. तीन कुंड्या सोडून गेल्या वर्षी घरीच धरलेल्या ज्वालाच्या बियांतलं एक झाड. त्याच्या मिरच्या आखूड, गुबगुबीत आणि कोवळेपणी जांभळट. पुढच्या हंगामाला कुंड्या चारच मोकळ्या होणार, म्हणून निवड करावी लागली.

जुळी मिरची दिसायला जास्त गोड, पण बी धरायला मी तिला मागे ठेवते. कळी घडतानाच दोन फळं जुळली, एवढंच तिथे झालं. त्याच झाडाच्या बाकीच्या मिरच्या सरळ आहेत. तिचं बी लावलं तर बहुधा साधी ज्वालाच येणार. ढोबळी चिरल्यावर पोटात सापडणारी चिमुकली हिरवी ढोबळीही याच जातीतली गंमत. पुण्याच्या थंडीत रात्री पारा १५ अंशांखाली गेला की परागीभवन नीट होत नाही, मग बुटकी, बिनबियांची फळंही धरतात.

जांभळट झाडाची गोष्ट वेगळी. तिथे एक मिरची नाही, अख्खं झाडच निराळं आहे. गेल्या वर्षी ज्वालाशेजारी शोभेची जांभळी मिरची होती. मधमाश्यांनी पराग इकडून तिकडे नेले असणार. संकर त्या वर्षीच्या फळात दिसत नाही, कारण फळाची साल आणि तिखटपणा जिथे तयार होतो ती आतली पांढरी शीर आईच्याच झाडाची असते. म्हणून ‘शेजारी लवंगी लावली आणि ढोबळी तिखट झाली’ हे त्याच हंगामात घडत नाही. बियांतून पुढच्या वर्षी घडू शकतं.

या झाडाचं बी धरायचं तर धीर हवा. पुढची पिढी फुटते: काही हिरव्या, काही गडद जांभळ्या, आणि शोभेच्या झाडासारख्या आकाशाकडे तोंड केलेल्याही निघू शकतात. आवडीचं झाड निवडत गेलं तर वाण स्थिर व्हायला साधारण ६ ते ८ पिढ्या लागतात. पाकिटावर संकरित लिहिलेल्या बियांचंही असंच फुटतं. दरवर्षी तीच चव हवी असेल, तर सरळ ज्वालाचंच बी धरा.

पानं आकसून मिरच्या वेड्यावाकड्या झाल्या असतील, तर तो बहुधा बोकड्या रोग. ते झाड उपटायचं.

मी तीन कुंड्या जांभळटला दिल्या, एक ज्वालाला. मधमाश्यांनी दुसरा पराग आणू नये म्हणून तुळशीबागेत मिळणारी जाळीची पोटली कळ्या उमलायच्या आत फांदीवर चढवली आणि रोज सकाळी फांदी हलकेच हलवते. फळ धरलं की पोटली काढून खुणेसाठी देठाला लाल दोरा बांधायचा. तोडणी होईल ती पूर्ण लाल झाल्यावरच.